कोपवरची एक खुर्ची

२२ ऑगस्ट १९६४ रोजी बीबीसीने ‘मॅच ऑफ द डे’ हा कार्यक्रम पहिल्यांदा प्रक्षेपित केला. त्यासाठी निवडलेला सामना लिव्हरपूल शहरातील ॲनफिल्ड या मैदानावरचा होता. लिव्हरपूलने आर्सेनलला त्या दिवशी ३-२ असे हरवले. मैदानात सत्तेचाळीस हजारांहून अधिक माणसे उभी होती, आणि पडद्यावर हा खेळ पाहणाऱ्यांची संख्या अंदाजे वीस हजारच होती. ज्या वाहिनीवर तो दाखवला गेला ती तेव्हा नुकतीच सुरू झाली होती आणि लंडनच्या परिसरापलीकडे दिसतच नव्हती. म्हणजे ॲनफिल्डच्या गल्लीत राहणाऱ्याला आपल्याच मैदानावरचा सामना पडद्यावर पाहता आला नाही, लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्याला मात्र तो दिसला. दूरचा प्रेक्षक म्हणून ज्याला आज ओळखले जाते त्याचा जन्म असा झाला. पुढे नोव्हेंबर १९६९ मध्ये याच कार्यक्रमाचे पहिले रंगीत प्रक्षेपण झाले, तेही ॲनफिल्डवरूनच. लाल कपड्यांतला संघ आणि हिरवे गवत हे दृश्य जगाच्या डोळ्यांत भरले ते तेव्हापासून.

आता हे प्रमाण पार उलटले आहे. २०२४ मध्ये ॲनफिल्ड रोडच्या बाजूची प्रेक्षागारे वाढवून पूर्ण झाली तेव्हा मैदानाची क्षमता एकसष्ट हजारांच्या किंचित वर गेली. नॉर्वे, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया, केनिया, भारत अशा देशांत विखुरलेल्या चाहत्यांच्या तुलनेत ही संख्या मूठभर म्हणावी लागेल. नॉर्वेमध्ये तर १९६९ पासून इंग्लंडमधील शनिवारचा एक सामना दूरचित्रवाणीवर थेट दाखवला जात आला, आणि त्यातून तिथे लिव्हरपूलच्या निष्ठावंतांची एक संपूर्ण पिढी तयार झाली. या व्यवस्थेतला उपरोध असा, की खुद्द ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करू दिले जात नाही. छोट्या क्लबांची मैदाने ओस पडू नयेत म्हणून १९६० च्या दशकात आलेला हा निर्बंध अजून टिकून आहे. त्यामुळे शनिवारी तीन वाजता सुरू होणारा सामना डोंबिवलीत रात्री साडेआठला जेवणाच्या ताटासमोर दिसतो. मैदानाच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीतल्या म्हाताऱ्याकडे तिकीट नसेल तर त्याला मात्र तो नुसता ऐकू येतो. एकाला दृश्य आणि दुसऱ्याला आवाज, अशी ही वाटणी आहे. त्या दोघांपैकी जवळचा कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

डोंबिवलीचा उल्लेख उगाच केलेला नाही. असा एक चाहता डोळ्यांसमोर आणता येतो. आज तो साठीच्या आसपास आहे. १९८० च्या दशकात फुटबॉलच्या बातमीला मराठी वर्तमानपत्रात तळाशी चार ओळी मिळत, त्या काळात तो वाढला. शनिवारी संध्याकाळी ट्रान्झिस्टरवर बीबीसीची जागतिक सेवा लावायची, खरखरीतून गोल कोणी केला ते टिपायचे, आणि इंग्रजी क्रीडा साप्ताहिकातून आलेले पोस्टर कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचे, एवढीच त्याच्या भक्तीची सामग्री होती. म्हणजे ॲनफिल्ड त्याला आधी आवाजाच्या रूपाने भेटले. निवेदकाच्या पाठीमागे समुद्रासारखे काहीतरी उसळत असे, तेच त्याचे ॲनफिल्ड होते. १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या आणि आवाजाला रूप मिळाले. पण तोवर लिव्हरपूलचे दिवस फिरले होते. १९९० मध्ये क्लबने अठराव्यांदा लीग जिंकली होती, त्यानंतर तीस वर्षे ती मिळाली नाही. यशामागे धावणाऱ्याने या काळात दुसरा क्लब शोधला असता आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. तो बदलला नाही. का बदलला नाही याचे उत्तर त्याला देता येत नाही, आणि देता आले असते तर कदाचित तो बदललाही असता.

मुंबई आणि लिव्हरपूल ही शहरे एकमेकांना अगदीच अनोळखी नाहीत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस येईनासा झाला, तेव्हा मुंबईच्या बंदरातून भरलेली कापसाची जहाजे लिव्हरपूलच्या धक्क्याला लागत होती. त्या पैशाने मुंबईत सट्ट्याचे वेड आले, समुद्र हटवण्याच्या योजना निघाल्या आणि बुडाल्याही. आपल्या या खरेदीदार शहराशी नाते शोधताना डोंबिवलीच्या चाहत्याच्या मनात कापूस येत नाही, हे उघड आहे. परंतु ज्या धक्क्यांमुळे लिव्हरपूल श्रीमंत झाले आणि पुढे ज्यांच्या ऱ्हासामुळे ते दरिद्री झाले, त्यांचाच कामगार शनिवारी दुपारी मैदानावर उभा राहत होता. गिरणगावाचे दिवस ज्याने जवळून पाहिले आहेत त्याला या शहराची ओळख पटायला फार वेळ लागू नये.

तो निघतो तेव्हा निवृत्तीचे पैसे हातात आलेले असतात, किंवा मुलगा तिकडे नोकरीला लागलेला असतो. तिकीट मिळवणे हे व्हिसा मिळवण्याहून कठीण. आधी वर्गणी भरून सभासद व्हायचे, मग सोडतीत नाव घालायचे, आणि नाव निघाले नाही तर पुन्हा घालायचे. अखेर एकदा ते निघते. लाइम स्ट्रीट स्थानकावर उतरून सुमारे दोन मैलांवरचे मैदान गाठायचे असते. इतकी वर्षे ज्याने हे मैदान फक्त आतून, आणि तेही वरून पाहिले आहे, त्याला पहिला धक्का बसतो तो बाहेरच्या बाजूचा. पडद्यावर ॲनफिल्डला बाहेर नसते. तिथे गवत असते, त्याभोवती माणसे असतात आणि त्यापलीकडे जग संपते. प्रत्यक्षात ॲनफिल्ड ही एक वस्ती आहे. लाल विटांची, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली बैठी दुमजली घरे, कोपऱ्यावर दारूचा गुत्ता, वाळत घातलेले कपडे, आणि या सगळ्याच्या डोक्यावर अचानक उगवलेली एक प्रचंड भिंत. एखाद्या गावात देऊळ आधी आणि घरे नंतर असतात, तसे इथे नाही. इथे मैदान घरांच्या कुशीत जन्मले आणि मग त्यांच्याहून मोठे झाले.

जन्मकथाही भांडणाची आहे. १८८४ मध्ये या मैदानावर पहिल्यांदा खेळला तो एव्हर्टन, म्हणजे आजचा शहरातला प्रतिस्पर्धी. जॉन हौल्डिंग हा दारू गाळणारा व्यापारी एव्हर्टनचा अध्यक्ष आणि मैदानाचा धनीही होता. जवळचे सँडन हॉटेल त्याचेच, खेळाडू तिथेच कपडे बदलत. मैदानाच्या भाड्यावरून तंटा झाला आणि १८९२ मध्ये एव्हर्टनने मुक्काम हलवून स्टॅन्ले पार्कच्या पलीकडे, एक मैलाच्याही आत, गुडिसन पार्क उभारले. हौल्डिंगकडे उरले रिकामे मैदान. त्या मैदानासाठी त्याने नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. क्लबने घर बांधण्याची उदाहरणे पुष्कळ सापडतात. घर रिकामे पडले म्हणून क्लब जन्माला घातल्याचे हे उदाहरण विरळाच म्हटले पाहिजे. ॲनफिल्ड लिव्हरपूलहून वयाने मोठे आहे, ही गोष्ट यात्रेकरूने ध्यानात ठेवावी अशी आहे.

मैदानाच्या एका टोकाला, गोलच्या मागे, जो उतरता प्रेक्षकभाग आहे त्याला ‘कोप’ म्हणतात. मराठी कानाला या शब्दात संताप ऐकू येतो आणि प्रतिपक्षाचा गोलरक्षक त्याला दुजोराही देईल. मुळात मात्र तो दक्षिण आफ्रिकेतल्या डच वळणाच्या भाषेतला, डोंगराच्या माथ्याचा वाचक. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात नाताळ प्रांतातील स्पियॉन कोप या टेकडीवर ब्रिटिश सैन्याची भयंकर कत्तल झाली. मेलेल्यांत लँकेशरच्या पलटणींमधले जवान मोठ्या संख्येने होते. १९०६ मध्ये ॲनफिल्डवर राखमातीचा मोठा उंचवटा रचून प्रेक्षकांसाठी पायऱ्या केल्या, तेव्हा अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक क्रीडा संपादकाने त्याला त्या टेकडीचे नाव सुचवले आणि ते रूढ झाले. हे इंग्लंडमध्ये बहुतेकांना ठाऊक असते. भारतीय यात्रेकरूला आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. त्या टेकडीखालून जखमी सैनिकांना डोल्यांवर घालून वाहून नेणाऱ्यांत नाताळमधील हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक होते, आणि त्याचा पुढाकार मोहनदास करमचंद गांधी या तरुण बॅरिस्टरचा होता. दिवसाला वीस-पंचवीस मैल चालल्याचे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. तेव्हा कोपवर पाय ठेवणारा डोंबिवलीकर अगदी परक्या मातीवर उभा राहत नाही. अर्थात असे धागे मागाहून सापडतात, आणि ते सापडले म्हणून निष्ठा जन्मत नाही. निष्ठा आधीच असते, धागे तिला नंतर शोभा देतात.

या प्रवासाला मराठी माणूस सहजच ‘वारी’ म्हणून जातो. हा शब्द किती खरा आहे हे तपासून पाहिले पाहिजे, कारण आपल्याकडे भावनेच्या प्रत्येक प्रवासाला वारी म्हणण्याची सवय जडली आहे. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या आणि ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्या वाटेने दिली. वारीत देवापेक्षा वाट मोठी ठरते ती अशी. फुटबॉलच्या दूरस्थ चाहत्याला ही वाट नसते. तो विमानात एकटा बसतो, शेजारचा प्रवासी व्यापारासाठी निघालेला असतो. पावलीही नाही आणि रिंगणही नाही. मैदानाच्या शेवटच्या अर्ध्या मैलात मात्र लाल गळपट्टे दिसू लागतात, बोली ऐकू येऊ लागते, आणि दिंडीत मागाहून सामील झाल्यासारखा तो त्या प्रवाहात शिरतो. दुसरा भेद अधिक खोल आहे. विठोबा भक्ताची वाट पाहत विटेवर उभा आहे, ही या संप्रदायाची मूळ कल्पना. आपण पोचलो नाही तर देवाला चुकल्यासारखे होईल, अशी खात्री वारकऱ्याला असते. ॲनफिल्ड कोणाची वाट पाहत नाही. चाळीस वर्षे ज्याच्यासाठी रात्री जागवल्या त्या ठिकाणाला आपण आल्याचे कळतही नाही, हे दूरच्या चाहत्याला प्रवेशद्वारातल्या लोखंडी फिरकीतून आत जाताना जाणवते. पंढरीची उपमा तिथे संपते, आणि खरा अनुभव तिथून पुढे सुरू होतो.

बाहेर बिल शँकलीचा पुतळा आहे. हात पसरलेले, गळ्यात गळपट्टा. १९५९ मध्ये दुसऱ्या श्रेणीत रखडलेल्या या क्लबची सूत्रे त्या स्कॉटिश शिंप्याच्या मुलाने हाती घेतली आणि त्याला आजचे रूप दिले. त्याने लोकांना आनंद दिला, एवढाच अर्थ पुतळ्याखालच्या शब्दांचा आहे. १९८१ मध्ये तो गेला. त्याची रक्षा याच मैदानावर, कोपच्या बाजूच्या गवतात विसर्जित करण्यात आली. दूरचे लोक त्याच्यासारखे हात पसरून पुतळ्यापुढे छायाचित्र काढून घेतात. गल्लीतला माणूस त्यांच्याकडे न पाहता पुढे जातो. त्याच्या लेखी शँकली हा पुतळा नाही. आजोबांशी रस्त्यात थांबून बोलणारा तो माणूस आहे.

आत गेल्यावर पहिली प्रतिक्रिया बहुधा अशी असते, की हे किती लहान आहे. त्यात काही अंशी तथ्य आहे. मोठ्या स्पर्धांसाठी मैदानाची लांबी सामान्यतः १०५ मीटर धरतात, ॲनफिल्डची १०१ आहे. पण लहानपण मापाचे नसते, ते समीपतेचे असते. कॅमेऱ्याने जे विस्तीर्ण केले होते ते डोळ्यांपुढे अंगणासारखे आटोपशीर होऊन येते. कोपवर उभ्या असलेल्याला समोरचा गोल दूर, चपटा, धुक्यात गेल्यासारखा दिसतो. तिकडे झालेला गोल चेंडूने कळत नाही, तिकडच्या माणसांच्या उसळण्याने कळतो. कोणी मारला, कसा मारला, पुन्हा पाहावे म्हणून नजर सवयीने पडद्याचा कोपरा शोधू लागते. तिथे पडदा नसतो आणि घडलेले पुन्हा घडत नाही. चाळीस वर्षे प्रत्येक गोल चार-पाच वेळा पाहण्याची सवय झालेल्या माणसाला एकदाच घडणारी गोष्ट पाहण्याचा धीर नव्याने कमवावा लागतो.

आणि मग ते गाणे येते. १९४५ मधल्या ‘कॅरोसेल’ या अमेरिकन संगीतिकेतले हे गीत १९६३ मध्ये गेरी अँड द पेसमेकर्स या लिव्हरपूलच्याच वाद्यवृंदाने गायले, ते लोकप्रिय झाले आणि कोपने उचलले. रंगभूमीवरचे एक शोकगीत बंदरातल्या कामगारांचे सामुदायिक गीत व्हावे, हा साहित्याच्या अभ्यासकाने विचारात घ्यावा असा प्रकार आहे. संहितेचा अर्थ वाचक बदलतात, असे आपण वर्गात शिकवतो. इथे तो हजारो कंठांनी बदलला आहे. दूरच्या चाहत्याने हे गीत शेकडो वेळा ऐकलेले असते, आणि ऐकताना अंगावर काटा आलेला असतो. आज तो स्वतः त्यात उभा आहे. गळपट्टा दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला आहे. गीत सुरू होते, आणि त्याला ते ऐकू येत नाही. ऐकू येतो तो उजवीकडच्या जाड माणसाचा बेसूर आवाज, मागच्या पोराचा खोकला, आणि स्वतःचा, उच्चारांना अडखळणारा, वय झालेला स्वर. जो प्रचंड एकस्वर ट्रान्झिस्टरमधून त्याच्यापर्यंत आला होता तो इथे कुठेच नाही. समूहाच्या आत उभ्या असलेल्याला समूहगान ऐकू येत नाही. ते ऐकण्यासाठी दूर असावे लागते.

अनेकांचा पहिल्या भेटीत जो किंचित विरस होतो, त्याचे मूळ इथे असावे. ते त्याला वयाचे, थंडीचे, खेळाच्या दर्जाचे कारण देतात. वस्तुतः त्यांनी काही गमावलेले असते. संपूर्णता ही दूरच्याची मिळकत आहे. सगळा आवाज, सगळे मैदान, सगळा हंगाम त्याच्याच वाट्याला येतो. आत आलेल्याला एक तुकडा मिळतो. पण त्या तुकड्यात त्याचा स्वतःचा स्वर मिसळलेला असतो, आणि त्याच क्षणी जगात कुठेतरी, कोणा परक्या घरातल्या पडद्यावर, त्या स्वरासह ते गीत पोचत असते. आजवर जे त्याला मिळत आले ते आज तो पाठवतो आहे. हा बदल लक्षात यायला वेळ लागतो, काहींच्या तो लक्षात येतही नाही.

या भेटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण दूरच्या चाहत्यांचे लेखन ती सहसा टाळते. ॲनफिल्डवर ‘पर्यटक’ ही शिवी आहे. सामना चालू असताना पाठ फिरवून स्वतःचे छायाचित्र काढणारा, दोन्ही संघांचे रंग अर्धे-अर्धे असलेला गळपट्टा विकत घेणारा, गाण्याचे शब्द न येणारा, खेळ संपण्यापूर्वी दुकानात शिरून पिशव्या भरणारा, असा हा पर्यटक. गल्लीतल्या माणसाच्या रागात असूया आहे तशीच न्याय्य तक्रारही आहे. दूरच्या चाहत्याला वर्षातून एकदा किंवा आयुष्यातून एकदा यायचे असते, त्यामुळे तो तिकिटाला कितीही किंमत मोजतो. दर पंधरवड्याला येणाऱ्याला ती परवडत नाही. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी, पुढच्या हंगामात सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांना विकण्याचा बेत जाहीर झाल्यावर, सुमारे दहा हजार प्रेक्षक सामन्याच्या सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उठून निघून गेले. लिव्हरपूल तेव्हा २-० असे पुढे होते, सामना २-२ असा संपला. काही दिवसांत मालकांनी माफी मागून बेत मागे घेतला. मैदान वाढवण्यासाठी लोथेर रोडवरची घरे पाडली गेली, आणि त्यापूर्वी आसपासची कित्येक घरे वर्षानुवर्षे दारे-खिडक्यांना पत्रे ठोकून रिकामी पडली होती. आपल्या खुर्चीखाली कोणाचे स्वयंपाकघर होते, हा प्रश्न यात्रेकरूच्या मनात सहसा येत नाही. तो यावा, अशी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी स्वतंत्र सुपर लीगची घोषणा केली, तेव्हा ‘वारशाचे चाहते’ आणि ‘भविष्यातील चाहते’ अशी वर्गवारी त्या मंडळींच्या तोंडी असल्याचे वृत्तपत्रांतून आले. भविष्यातील म्हणजे अर्थातच दूरचे, पडद्यापुढचे, संख्येने अफाट. त्यांच्या नावाने गल्लीतल्या चाहत्याला बाजूला सारण्याचा हा डाव दोन दिवसांत कोसळला. ब्रिटनमधले प्रेक्षक रस्त्यावर उतरले, आणि दूरच्या अनेकांनीही आपल्या नावाचा हा वापर नाकारला. आम्हांला हवे आहे ते तुमचे मैदान, तुमच्यावाचूनचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे खरे, तरी त्यातला पेच सुटत नाही. ज्या जिवंत, दाट, स्थानिक आवाजासाठी दूरचा माणूस येतो, तो आवाज त्याच्या येण्यानेच थोडा पातळ होतो.

मेन स्टँडच्या बाजूला एक स्मारक आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, एफ. ए. कपच्या उपांत्य सामन्यात, जाळीआड कोंडलेल्या गर्दीत चेंगरून मेलेल्या सत्त्याण्णव जणांची नावे आणि वये तिथे कोरली आहेत. त्यांतला सत्त्याण्णवावा बत्तीस वर्षे त्या जखमा वागवून २०२१ मध्ये गेला. सर्वांत लहान दहा वर्षांचा होता. दुर्घटनेनंतर ॲनफिल्डची दारे उघडण्यात आली आणि कोपच्या बाजूचे अर्धे मैदान फुलांनी झाकले गेले. निळ्या आणि लाल गळपट्ट्यांच्या गाठी मारत मारत गुडिसन पार्कपासून ॲनफिल्डपर्यंत साखळी नेली गेली. मेलेल्यांवरच दोष ढकलण्याचे काम पोलिसांनी केले, लंडनच्या एका वृत्तपत्राने त्यावर मथळे रचले, आणि ते खोटे होते हे चौकशीतील ज्युरीने नोंदवायला एप्रिल २०१६ उजाडला. त्या सत्तावीस वर्षांच्या झगड्यात या शहराने जे सोसले ते कोणत्याही प्रक्षेपणात आलेले नाही. डोंबिवलीच्या चाहत्याला ती तारीख पाठ असते. त्या शनिवारी रात्री तोही ट्रान्झिस्टरला कान लावून बसला होता. पण नावांपुढची वये एकापाठोपाठ एक वाचत जाणे हे वेगळे. चौदा, पंधरा, अठरा, एकोणीस. तो त्यांच्याच पिढीचा होता.

त्याच्या तिकिटावर जो खुर्चीचा क्रमांक छापलेला आहे तोही त्या दिवसाचे फळ आहे. हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालाने मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला बसायला जागा असली पाहिजे असे ठरवले. एके काळी अठ्ठावीस-तीस हजार माणसांना उभे सामावून घेणाऱ्या कोपची शेवटची उभी गर्दी ३० एप्रिल १९९४ रोजी जमली. त्या सामन्यात लिव्हरपूल नॉरिचकडून ०-१ असे हरले. नंतर तिथे बारा हजारांवर खुर्च्या आल्या. खुर्ची आल्यामुळे क्रमांक आला, क्रमांकामुळे सोडत आली, आणि सोडतीमुळे डोंबिवलीचा माणूस आत येऊ शकला. जुन्या कोपवर परक्याला उभे राहायला जागा मिळाली असती का, सांगता येत नाही. कोपवर आजही फारसे कोणी बसत नाही. खुर्ची मागे मिटलेली असते आणि माणसे तिच्यापुढे उभी असतात.

या सगळ्या हिशेबात २०२० हे वर्ष एका बाजूला ठेवावे लागते. तीस वर्षांनी लिव्हरपूलने लीग जिंकली ती साथीच्या काळात. जूनच्या २५ तारखेला, दुसऱ्याच दोन संघांच्या सामन्याच्या निकालाने विजेतेपद ठरले, आणि २२ जुलैला चषक उंचावला गेला तो रिकाम्या कोपवर. खेळाडूंच्या आरोळ्या पत्र्यावर आपटून परत येत होत्या. गल्लीतला म्हातारा आपल्या घरात होता, डोंबिवलीचा चाहता आपल्या. दोघांनीही ते पडद्यावरच पाहिले. जवळ आणि दूर हा भेद त्या एका रात्री उरला नव्हता. मात्र त्यामुळे कोणाला समाधान वाटले असे दिसत नाही. २७ एप्रिल २०२५ रोजी विसावे विजेतेपद भरल्या ॲनफिल्डवर मिळाले तेव्हा पाच वर्षांपूर्वीचे राहिलेले देणे फेडल्यासारखे लोक रडत होते.

त्याच महिन्यांत पार्कच्या पलीकडे दुसरे काही संपत होते. १८ मे २०२५ रोजी एव्हर्टनच्या पुरुष संघाने गुडिसन पार्कवर शेवटचा सामना खेळला आणि तो नदीकाठच्या गोदीत उभारलेल्या नव्या स्टेडियममध्ये गेला. गुडिसन महिला संघाला मिळाले म्हणून पाडले गेले नाही, हे भाग्यच. तरीही दूरदेशीच्या ज्या एव्हर्टनच्या चाहत्याचे त्या तारखेपूर्वी येणे झाले नाही, त्याच्यापुरते ते मैदान आता केवळ पडद्यावर राहिले. ॲनफिल्डला आलेला डोंबिवलीकर दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क ओलांडून तेही पाहून येतो. प्रतिस्पर्ध्याचे जुने घर बाहेरून पाहताना त्याला स्वतःच्या भाग्याची थोडी लाजच वाटते.

परतल्यावर पहिल्या शनिवारी तो नेहमीप्रमाणे साडेआठला बसतो. चित्र तेच असते, पण ते आता काठांशी संपत नाही. डावीकडे, कॅमेरा कधी वळत नाही तिकडे, गल्ली आहे आणि तिथे तळलेल्या बटाट्यांचा वास आहे, हे त्याला ठाऊक झालेले असते. कॉर्नर घ्यायला खेळाडू गेला की वारा कुठून येतो ते त्याच्या कानाला कळते. गीत सुरू होते तेव्हा ते पुन्हा अखंड, समुद्रासारखे ऐकू येते, आणि तो त्यात उजवीकडचा जाड बेसूर आवाज शोधत राहतो. कॅमेरा एकदा कोपवरून सरकतो. खालून तेरावी रांग, वाटेपासून सहावी जागा. तो पुढे वाकतो आणि बायकोला बोट दाखवून म्हणतो, ती माझी. तिथे पिवळा रेनकोट घातलेली एक मुलगी बापाच्या खांद्याला धरून खुर्चीवर उभी आहे. कॅमेरा पुढे जातो.